शिडीवाली गोळी

सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या की त्या बोलून दाखवत नाहीत. गोळ्यांचा डबा आणून गॅसशेजारी ओट्यावर ठेवतात, म्हणजे भाकरी थापताना माझं लक्ष जावं. डबा मूळचा शेंगाचटणीचा. चटणी संपून कितीतरी वर्षं झाली, तरी झाकण उघडलं की लसूण नाकात शिरतोच. त्यात बीपीच्या, शुगरच्या आणि कोलेस्टेरॉलच्या स्ट्रिपा, आणि थायरॉईडची 100 गोळ्यांची बाटली. डबा ओट्यावर आला की समजायचं, चार दिवसांत मेडिकल गाठायला हवं.

अकरा वर्षं मी ते गाठत होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या कोपऱ्यावर अप्पांचं मेडिकल आहे. शाळा सुटली की येताना चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. अप्पा कपाळावरचा चष्मा खाली घेणार, चिठ्ठी वाचणार, ती पाठ असली तरी वाचणार, गोळ्या देणार आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात दुकानाचा शिक्का मारून खाली तारीख टाकणार. शिक्क्याचं मला कधी काही वाटलं नाही. दुकानाची जाहिरात करतात बिचारे, एवढंच.

गेल्या ऑगस्टात लेक पुण्याहून आली आणि तिनं माझ्या फोनवर औषधांचं ॲप टाकून दिलं. "मम्मी, एकदा चिठ्ठी टाक, पुढं नुसतं बटण दाबायचं. वीस टक्के सूट." वीस टक्के म्हटल्यावर यांनीही पेपर खाली घेतला.

पहिली ऑर्डर टाकायला आम्हाला पाऊण तास लागला. आधी ओटीपी. मग पत्ता. नकाशावरचा ठिपका काही केल्या आमच्या दारात येईना, शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच जाऊन बसायचा. शेवटी पत्त्यात 'पाण्याच्या टाकीसमोर' लिहिलं. मग चिठ्ठीचा फोटो. ट्यूबलाइटखाली काढला तर माझ्याच डोक्याची सावली पडली. गॅलरीत काढला तो बरा आला, पण डॉक्टरांचं अक्षर ते डॉक्टरांचं अक्षर. ॲपला ते लागलं नाही, म्हणून औषधं आपणच शोधून टाका असं आलं.

बीपीच्या गोळीचं नाव टाइप केलं आणि पडद्यावर ही लांब रांग लागली. नाव एकच. पुढं 20, 40, 80, आणि त्याच्याही पुढं एकेक शेपूट: एएम, एच, सीटी. मी गणित शिकवते, पण ही शेपटं मला कोड्यात टाकून गेली. लेकीनं गूगल करून सांगितलं. मूळ औषध टेल्मिसार्टन. एएम म्हणजे त्यात अम्लोडिपिनही आहे, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं. आईंची 40 एएम. स्ट्रिप हातात घेऊन एकेक अक्षर जुळवून तीच टाकली. तेव्हा जुळवली, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बाई फार्मासिस्ट होत्या आणि हिंदीतून बोलत होत्या. शुगरची गोळी दिवसातून किती वेळा, एवढं विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी पार्सल. पोरगा फाटकातून ओरडला, "मॅडम, ओटीपी सांगा की!" आईंनी फुग्याफुग्यांचं प्लास्टिक सोडवत विचारलं, "एवढ्याशा गोळ्यांना केवढं हे गाठोडं?" पण बिलावर बॅच नंबर, एक्स्पायरी, दुकानाचा परवाना क्रमांक, सगळं छापलेलं. ते बघून मला बरं वाटलं. अप्पा स्ट्रिप कात्रीनं कापून देतात तेव्हा एक्स्पायरीचा तुकडा नेमका त्यांच्याकडं राहतो, हा माझा त्यांच्यावर जुना राग आहे.

बिल 1,310 रुपये. अप्पांकडं त्याच गोळ्यांचे साडेचौदाशे व्हायचे, तेही ते दहा टक्के सोडून. पुढं 22 सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा दोन्हीकडं थोडं आणखी उतरलं. सप्टेंबरात मी 'रीऑर्डर' दाबलं, चारही औषधं कार्टमध्ये येऊन उभी. पैसे भरले, संपलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर तेच. खरं सांगते, मला फार आवडलं. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं, ते चार दिवसांतून एकदा, त्या दिवशी भरता भरता अर्धं आयुष्य जातं. त्यात एक खेप वाचली तर बाईमाणसाला ते कळतं.

फक्त अप्पांच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालून स्कूटी पळवायला लागले.

ऑक्टोबरात एक छोटा प्रकार झाला. कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी नव्हती, त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी 38 रुपयांनी स्वस्त आहे, चालेल का, असं ॲपनं विचारलं. मी चालेल म्हटलं. जुनी गोळी गुलाबी आणि गोल, ही पांढरी आणि लांबट. आईंनी चार दिवस ती घेतलीच नाही. रुमालाच्या घडीत चार पांढऱ्या गोळ्या मला झाडताना सापडल्या.

"ही छाट आहे," त्या म्हणाल्या.

छाट हा आईंचा शब्द विड्यांच्या दिवसातला. अशोक चौकात राहत होतो तेव्हा त्या विड्या वळायच्या. संध्याकाळी माल कारखान्यात दिला की तपासणारा हाताला वेगळी लागणारी, आखूड, सैल वळलेली विडी बाजूला काढायचा, ती छाट. तिचे पैसे नाहीत. तीस वर्षं त्या बोटांनी विड्या मोजल्यात. अंधारात डब्यात हात घातला तरी कुठली गोळी कुठली हे त्या सांगतात. इंग्रजी अक्षर एक येत नाही.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. औषध तेच, ताकद तीच, खुशाल द्या म्हणाले. मग मी आईंना समोर बसवून वर्गात सांगते तसं सांगितलं, "आई, रंगावर जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, आत तेच असतं." त्यांनी ऐकलं. घरातली शिकलेली सून म्हणून माझं त्या ऐकतात. त्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

डिसेंबरात आईंच्या पायाला सूज आली. 8 तारखेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, तर खळगा तसाच राहिला. त्यांनी सांगितलं की अम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. ते बंद करून 40 एच लिहून दिली, महिन्यानं रक्त तपासून सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघू म्हणाले. संध्याकाळची वेळ, ॲपवरून मागवायचं तर तीन दिवस. येताना अप्पांकडं थांबले. चार महिन्यांनी. अप्पांनी काही विचारलं नाही, नुसतं "काय ओ वहिनी, गावाला गेला होता की काय?" म्हणाले. पंधराच्या दोन स्ट्रिपा दिल्या, नव्या चिठ्ठीवर शिक्का मारला. आठ-दहा दिवसांत सूज उतरली. बाकीच्या गोळ्या घरात शिल्लक होत्या, त्यामुळं डिसेंबरात ॲप उघडायचं कामच पडलं नाही.

म्हणजे ॲपला ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी आईंची गोळी अजून 40 एएमच.

4 जानेवारीला, रविवारी, डबा ओट्यावर आला. मी भाकरी उलटत एका हातानं 'रीऑर्डर' दाबलं. या वेळी ॲपनं अडवलं: चिठ्ठी जुनी झाली आहे. चिठ्ठी ऑगस्टातली, त्यावर डॉक्टरांनी 3 महिने चालू ठेवा असं लिहिलेलं, त्यामुळं अडवलं ते बरोबरच. नवी चिठ्ठी कपाटात फाईलमध्ये होती. दहा पावलं. पण खाली दुसरा पर्याय होता, आमच्या डॉक्टरांशी मोफत बोला. तवा तापलेला, मी ते दाबलं.

सोमवारी दुपारी स्टाफरूममध्ये फोन आला. डॉक्टर तरुण वाटत होते. हिंदीत विचारलं, पेशंट कोण, वय काय, कुठल्या औषधाची ॲलर्जी? मग म्हणाले, "यही दवाइयाँ चल रही हैं ना?" बेल झाली होती, आठवी ब माझी वाट बघत होती. मी म्हटलं, "जी, वही." फोनमध्ये बघितलं नंतर, कॉल 1 मिनिट 40 सेकंदांचा होता. पाच मिनिटांत ॲपवर नवीकोरी चिठ्ठी आली, डॉक्टरांच्या नावाची, नोंदणी क्रमांकाची, सहीची. त्यावर चार औषधं, माझ्या कार्टमध्ये होती त्याच क्रमानं. दुसऱ्या ओळीत 40 एएम.

हे मला त्या दिवशी दिसलं नाही. आता दिसतं. चिठ्ठीवरून ऑर्डर व्हायला हवी, तर इथं ऑर्डरीवरून चिठ्ठी झाली होती.

गुरुवारी पार्सल आलं. आठवड्याच्या गोळ्यांची कप्प्यांची पेटी मीच भरते. रात्री आईंनी गुरुवारचा कप्पा चाचपला, गोळी दोन बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "ही छाट आहे गं."

मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "आई, कंपनी बदलली असेल. आत तेच असतं."

त्यांनी गोळी घेतली.

पुढच्याच आठवड्यात गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. शहरात यण्णीमज्जनाची मिरवणूक, अक्षता, होम, त्यामुळं रस्ते बंद, शाळा अर्धी. या सगळ्यात आईंकडं माझं लक्ष नव्हतं. 18 तारखेच्या रविवारी त्यांना होम मैदानावर न्यायचं ठरलं, दरवर्षी पाळण्याखाली उभं राहून त्या भाग्यश्री बटाटेवडे नाही तर चुरमुरे खातात आणि सगळ्या भांड्यांचे भाव विचारून काहीही न घेता परत येतात. साडी नेसून झाली. चप्पल घालायला बसल्या तर पट्टा वर चढेना. मी खाली बसून ओढला. आतापर्यंत सैल म्हणून एक भोक जास्त पाडून घेतलेला तो पट्टा घोट्याखाली रुतत होता. मी डॉक्टरांनी दाबला तिथंच अंगठा दाबला. खळगा राहिला. दाबलेल्या कणकेत राहतो तसा.

मी तशीच उठून डबा आणला. स्ट्रिप उजेडात धरली. 40 एएम. कपाटातली नवी चिठ्ठी काढली. 40 एच. दहा दिवस झाले होते.

डॉक्टरांनी फोनवर रागावून घेतलं नाही, त्यानं आणखी वाईट वाटलं. आज घेतली असेल तर आज दुसरी देऊ नका, उद्यापासून एच सुरू करा, दोन दिवस बीपी मोजून कळवा. सूज उतरेल. उतरली. आईंना त्रास म्हणाल तर एवढाच झाला, आणि गड्डा त्यांनी दुरूनच, टीव्हीवर बघितला. पण गोळी रक्तदाबाची होती म्हणून एवढ्यावर भागलं, दुसरी कुठली असती तर, हा विचार मला रात्री दोन वाजता येतो.

संध्याकाळी अप्पांकडं गेले. सगळं सांगितलं, आवाज फार चढवून, कारण दोष ॲपचा होता असं मला सिद्ध करायचं होतं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, डिसेंबरात माझ्याकडनं एच नेली होती की तुम्ही. मग?" मी गप्प. मग त्यांनी माझी चिठ्ठी उलटीसुलटी करून शिक्का दाखवला. हा शिक्का म्हणजे जाहिरात नव्हे. 1945 च्या औषध नियमांतच आहे, डॉक्टरनं पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि लिहिलं असेल तर लिहिलं तितक्याच वेळा. दिलं की चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. म्हणजे पुढच्या दुकानदाराला कळतं, ही वापरलेली आहे. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर शिक्के पडत होते. फोटोवर शिक्का बसत नाही. ऑगस्टातला तो फोटो जानेवारीतही तितकाच ताजा, गॅलरीतल्या उन्हासकट.

सगळेच मेडिकलवाले एवढं पाळतात असं नाही. स्ट्रिपवर लाल रेघ असलेलं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध नुसत्या नावावर देणारे मी सात रस्त्यापासून स्टेशनपर्यंत दाखवीन. आणि अप्पाही माझ्या शेजारणीला चिठ्ठीशिवाय देतात, मी बघितलंय. पण ते देताना विचारतात, हे मात्र खरं.

ॲपवाल्यांशी चॅटवर भांडले. पलीकडून 'असुविधेबद्दल दिलगीर आहोत' तीन वेळा आलं. फोडलेली स्ट्रिप परत घेता येत नाही, न फोडलेली घेऊ, म्हणाले, आणि तिचे पैसे सहा दिवसांत खरंच आले. त्यांच्या डॉक्टरांबद्दल विचारलं तर उत्तर आलं की औषधांची खात्री पेशंटकडून करून घेतली होती. घेतली होतीच. 'जी, वही' मीच म्हटलं होतं. पण टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना 25 मार्च 2020 ला आल्यात, त्या मी नंतर बसून वाचल्या. काही साधी औषधं सोडली, तर पहिल्यांदाच भेटणाऱ्या पेशंटला औषध लिहायला व्हिडिओवर बोलावं असं त्यात आहे. मला आला तो साधा फोन, आणि ज्यांच्या गोळ्या त्यांच्याशी तर कोणी बोललंच नाही. आईंना फोन दिला असता तर त्या सांगून मोकळ्या झाल्या असत्या, पायाला सूज आली म्हणून ती बदललीय.

ॲप मी काढून टाकलं नाही. लेकीला वाटलं होतं काढेन. पैसे वाचतात, खेप वाचते, आणि शुगरची गोळी चार वर्षं बदललेली नाही, तिला अप्पांचं काउंटर कशाला? पण दवाखान्यातून आलं की त्याच रात्री नवी चिठ्ठी ॲपवर चढवते आणि जुनी पुसते. पुसायचं बटण कुठं असतं ते शोधायला मला दोन दिवस लागले, चढवायचं मात्र पहिल्याच पानावर. 'रीऑर्डर' दाबत नाही. चिठ्ठी समोर ठेवून एकेक औषध नव्यानं टाकते. मोफत डॉक्टरांचा फोन घेत नाही. थायरॉईडची बाटली अप्पांकडूनच, कारण ती 25 अंशांखाली ठेवा असं बाटलीवरच लिहिलंय आणि आमच्या उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा त्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीत काय होत असेल ते मला बघायचं नाही. अप्पांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "आमच्याकडं तर एसी फक्त फ्रिजला हाय."

आईंनी मात्र त्यांची स्वतःची सोय करून घेतली. प्रत्येक गोळीची एक रिकामी स्ट्रिप कापून त्यांनी डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीनं लावलीय. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून काय झालं, आकार तर दिसतो. स्ट्रिपवर बारीक अक्षरात सगळीकडंच 'शेड्यूल एच', म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध, असं असतं, त्यानं मी घाबरले होते की गोंधळ होईल. पण त्या बारीक अक्षरांकडं बघतच नाहीत, फक्त वरच्या मोठ्या नावाच्या शेवटची अक्षरं. एच त्यांना एका पायरीच्या शिडीसारखा दिसतो. एएममधला ए म्हणजे तंबू.

परवा पार्सल आलं. मी कात्री शोधत होते, तोवर त्यांनी प्लास्टिक दातानं फोडून स्ट्रिप झाकणाशेजारी धरली होती. चष्मा नाकावर, बोट अक्षराखाली.

"शिडी हाय," म्हणाल्या. "भर आता पेटी."